हार्ड रॉक ड्रमर व्हायचंय? जॉन बॉनहॅमपासून सुरुवात करा

हार्ड रॉकचे ड्रम शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात जमेल तितक्या जोरात वाजवून बघतो. दंड भरून येतात, स्नेअरच्या (दोन मांड्यांमध्ये ठेवायच्या खणखणीत ड्रमच्या) स्किनवर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, खड्डे पडतात, शेजारी दार वाजवतात, आणि तरीही रेकॉर्डवर ऐकलेलं ते वजन हाती लागत नाही. ते वजन नुसत्या जोरातून येत नाही. ठोका नेमका कुठे पडतो आणि दोन ठोक्यांमधली जागा किती स्वच्छ राहते, यावर ते ठरतं. हे शिकायला लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या जॉन बॉनहॅमइतका चांगला गुरू मला दुसरा दिसत नाही. त्याची सगळी कारकीर्द रेकॉर्डवर आहे, आणि ती क्रमानं ऐकत गेलं तर एका ड्रमरच्या आयुष्यात काय काय येतं तेही कळतं. त्यात शेवटचा वाईट भागही आला.

आधी थोडी ओळख. बॉनहॅमचा जन्म ३१ मे १९४८ चा, इंग्लंडमधल्या रेडिच गावातला. पाच-सहा वर्षांचा असताना तो घरातल्या डब्यांवर वाजवायचा. दहाव्या वर्षी आईनं स्नेअर घेऊन दिला, पंधराव्या वर्षी वडिलांनी पूर्ण सेट. रीतसर शिकवणी त्याला नव्हती. जीन क्रुपा आणि बडी रिच हे जॅझवाले त्याचे आदर्श. शाळा संपल्यावर तो वडिलांच्या हाताखाली सुतारकाम करत होता आणि रात्री बँडमध्ये वाजवत होता. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तो गिटारवाला जिमी पेज, बेस गिटारवाला जॉन पॉल जोन्स आणि गायक रॉबर्ट प्लांट यांच्याबरोबर लंडनमध्ये पहिल्यांदा तालमीला बसला, तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढच्या बारा वर्षांत आठ स्टुडिओ अल्बम झाले. बत्तिसाव्या वर्षी तो गेला.

पायरी १: सेट विकत घेऊ नका

निदान पहिले तीन महिने तरी नको. एक रबरी प्रॅक्टिस पॅड, ५ए किंवा ५बी मापाच्या स्टिक्सच्या दोन जोड्या आणि फोनवरचा मेट्रोनोम (ठरलेल्या वेगानं टिकटिक करणारं अ‍ॅप) एवढं पुरे. जाड २बी स्टिक्स रॉकसाठी म्हणून खपतात, पण मनगट तयार नसताना त्या घेतल्या तर खांद्यातून मारायची सवय लागते आणि ती मोडायला फार त्रास होतो.

पॅडवर तीन गोष्टी घोटायच्या: एकेक हात आलटून-पालटून, प्रत्येक हाताचे दोन-दोन, आणि पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा). मिनिटाला ६० ठोक्यांवर सुरुवात करा. तबल्याच्या रियाजाला बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: आधी बोल स्वच्छ, मग दुगुन. स्टिक घट्ट आवळून धरू नका, ती पॅडवरून आपोआप परत उसळली पाहिजे. बॉनहॅमची चित्रफीत आवाज बंद करून बघा. रॉयल अल्बर्ट हॉलमधला ९ जानेवारी १९७० चा कार्यक्रम उपलब्ध आहे. एवढा मोठा आवाज काढणाऱ्या माणसाचं मनगट किती सैल आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं.

याच पायरीवर कानात घालायचे प्लग घ्या. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कानांसाठी सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबानं १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात. बंद खोलीतला ड्रमसेट १०० च्या वर सहज जातो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, त्यामुळे स्टिक्सच्या आधी प्लग घेतलेत तरी चालेल.

पायरी २: ऐका, पण एका वेळी एकच अवयव

नवशिका सगळं गाणं एकदम ऐकतो, आणि मग त्याला फक्त फिल्स (ठेका सोडून मध्ये भरलेले सजावटीचे तुकडे) आठवतात. तसं करू नका. एकच गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त हाय-हॅटकडे (पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त स्नेअरकडे, तिसऱ्यांदा बेस ड्रमकडे, म्हणजे पायातल्या पेडलनं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमकडे. चौथ्या वेळी ड्रम सोडून गिटारचा रिफ (परत परत येणारी छोटी सुरावट) ऐका आणि बॉनहॅमचा पाय रिफच्या कोणत्या सुरांबरोबर पडतो ते कागदावर खुणा करून लिहा. बरेचदा तो गिटारबरोबर जातो, आणि जिथे मुद्दाम जात नाही ती जागा गाण्यातली सर्वांत रंगतदार असते. बॉनहॅम साथ करत होता. मोठ्यानं करत होता, एवढंच.

पायरी ३: पाय

इथे भरपूर वेळ द्या. हार्ड रॉक ड्रमरची खरी ओळख उजव्या पायात आहे.

जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत लेड झेपेलिनचा पहिला अल्बम आला आणि 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' या पहिल्याच गाण्यातला बेस ड्रम ऐकून अनेक ड्रमरना वाटलं की हा दोन बेस ड्रम वाजवतोय. तो एकच पेडल वापरत होता. तो करतो काय, तर अर्ध्या मात्रेचे तीन सारखे तुकडे पाडतो, पहिल्या तुकड्यावर हात, पुढच्या दोन तुकड्यांवर पाय. सांगायला सोपं, पण पायाला हे दोन ठोके एका दमात आणि सारख्या जोरानं मारावे लागतात.

सराव असा करा. सेट अजून घेतलेला नाही, तेव्हा पेडलसाठी आणि पुढच्या पायरीसाठी तासावर मिळणारा जॅमपॅड, म्हणजे सेट असलेली सरावाची खोली, गाठा. मेट्रोनोम ५० वर लावा. मांडीवर हातानं अर्ध्या-अर्ध्या मात्रा वाजवा आणि तोंडानं 'ता-कि-ट, ता-कि-ट' म्हणा. 'ता' हाताला, 'कि-ट' पायाला. टाच उचललेली ठेवा. पहिला ठोका पेडलच्या मधोमध आणि दुसरा मारताना पाऊल किंचित पुढे सरकवा. पोटरी दुखायला लागली की थांबा, कारण दुखऱ्या पायानं केलेला सराव फक्त चुकीची सवय पक्की करतो. ठोके समान वाटेपर्यंत वेग वाढवायचा नाही. मूळ गाणं ९० च्या थोडं वर आहे. तिथवर पोचायला काही महिने लागले तर त्यात वावगं काही नाही.

दोन पेडल घेण्याचा मोह या टप्प्यावर होतोच. मेटलकडे जायचं असेल तर पुढे घ्या. आत्ता घेतलंत तर उजवा पाय कच्चाच राहील.

पायरी ४: संथ वाजवायला शिका

वेगानं वाजवणारे पुष्कळ भेटतील. मिनिटाला सत्तरच्या आसपास ठोक्यांवर पाच-सात मिनिटं न डगमगता वाजवणारे फार थोडे असतात, आणि बँडला हवे असतात ते हेच.

यासाठीचं गाणं म्हणजे १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रँज नावाची जुनी इमारत आहे, अठराव्या शतकाच्या अखेरीस गरिबांच्या आश्रयासाठी बांधलेली. तिच्या उंच जिन्याच्या तळाशी बॉनहॅमचा सेट मांडला होता. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यानं प्रत्येक ड्रमसमोर माइक लावायच्या ऐवजी दोनच माइक वर जिन्यावर टांगले आणि आवाज एका इको यंत्रातून काढला. त्या रेकॉर्डवर ड्रमइतकाच तो जिना वाजतोय. पण जिना वाजायला वेळ लागतो. बॉनहॅमनं मध्ये मध्ये फिल्स भरले असते तर तो घुमारा त्याखाली गाडला गेला असता. ठोक्यानंतर तो आवाजाला विरायला जागा देतो, आणि लेखाच्या सुरुवातीला म्हटलेलं वजन तेच.

मेट्रोनोम ७० वर ठेवा. हाय-हॅटवर अर्ध्या मात्रा, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, बेस ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या. दहा मिनिटं. एकही फिल नाही, एकही क्रॅश (मोठी, झणाणणारी झांज) नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलेलं सगळं छान वाटतं. स्नेअर दर वेळी एकाच जागी पडतोय का? एकाच आवाजात पडतोय का? हे जमलं की मेट्रोनोम ३५ वर आणा, म्हणजे तो फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वाजेल आणि मधली लय तुम्हाला धरावी लागेल. पुढे तोच ३५ चा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजून वाजवा. इथे भलेभले अडखळतात.

ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या मुलामुलींना या पायरीवर थोडी जास्त मेहनत करावी लागते. ताकद आणि दम त्यांच्याकडे आधीच असतो, फार मोठी गोष्ट आहे ती. पण पथकात शेकडो हात एकमेकांना सांभाळून घेतात. सेटवर लय एकट्यानं धरायची असते.

पायरी ५: तीन आणि चार

१९७५ च्या 'फिजिकल ग्रॅफिटी'मधल्या 'कश्मीर' या गाण्यात रिफ तीन मात्रांचा आहे आणि ड्रम चारांत चालतात. दोघं बारा मात्रांनी समेवर भेटतात. आपल्याकडच्या श्रोत्याला याची गंमत लगेच कळते, कारण समेची वाट बघणं आपल्या कानांना ठाऊक आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत यावर पानंच्या पानं खर्ची पडतात, तुम्ही हातावर टाळी देऊन मोजा: पायानं एक-दोन-तीन-चार, तोंडानं 'धा-धिं-ना' तीन-तीनचं. पायाचे चाराचे तीन फेरे आणि तोंडाचे तिनाचे चार फेरे झाले की दोन्ही 'एक' एकत्र येतात.

आता त्यात बॉनहॅमनं काय केलं ते बघा. काहीच केलं नाही. साधा, जड, चार मात्रांचा ठेका. रिफ वर सरकत राहतो आणि खाली जमीन हलत नाही, म्हणून तो रिफ एवढा प्रचंड वाटतो. एखाद्या उत्साही ड्रमरनं रिफबरोबर तीनात उड्या मारल्या असत्या तर गाणं बसलंच नसतं. या गाण्याच्या श्रेयनामावलीत पेज आणि प्लांट यांच्याबरोबर बॉनहॅमचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे.

हा सराव जमला की 'फोर स्टिक्स' ऐका. बॉनहॅमनं प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं, आणि त्यात पाच आणि सहाचे गट येतात. याच गाण्याचा मुंबईशी संबंध आहे. पेज आणि प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ते आणि 'फ्रेंड्स' अशी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. बॉनहॅम त्यात नव्हता. ती मुद्रणं अधिकृतपणे २०१५ मध्ये बाहेर आली. आधी बॉनहॅमचं ऐका, मग मुंबईचं. तोच हिशेब तबल्यावर आला की मात्रांची टोकं कशी मऊ होतात आणि गाण्याचा चेहरा कसा बदलतो, हे ड्रमरनं आवर्जून ऐकण्यासारखं आहे.

पायरी ६: सेट आणि जागा

आता सेट घ्या. जुना घेतलात तर उत्तम. पैसे घालायचेच असतील तर आधी पेडल आणि बसायचं स्टूल, मग झांजा, मग स्नेअर. टॉम, म्हणजे स्नेअर आणि बेस ड्रम सोडून बाकीचे ड्रम, कोणतेही चालतात.

बॉनहॅमचा ठरलेला सेट लुडविग कंपनीचा, मापं मोठी: २६ इंची बेस ड्रम, समोर १४ चा टॉम, बाजूला १६ आणि १८ चे फ्लोअर टॉम, ६.५ इंच खोलीचा धातूचा स्नेअर, झांजा पाइस्टेच्या. ही मापं तशीच घ्यायची गरज नाही. त्याच्याकडून घ्यायचं ते ट्यूनिंग. त्या काळी बरेच जण बेस ड्रममध्ये उशा आणि घोंगड्या कोंबून त्याचा आवाज दाबत. तो ड्रम जवळजवळ मोकळा ठेवायचा, दोन्ही स्किन शाबूत, आणि खालची स्किन वरचीपेक्षा ताणलेली. त्यामुळे ड्रमला सूर यायचा आणि हलक्या हाताचा ठोकाही ऐकू जायचा. तुमच्या टॉमवर हे करून बघा: वरची स्किन सुरकुत्या जातील एवढीच ताणा, खालची हळूहळू चढवत जा आणि प्रत्येक बोल्टजवळ टकटक करून सूर जुळवा.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात स्टँडचे स्क्रू गंजतात आणि पेडलच्या साखळीला करकर येते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, साखळीला थेंबभर तेल द्या.

फ्लॅटमध्ये अकूस्टिक सेट वाजवणं अवघड आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट हा व्यवहार्य मार्ग. पण हेडफोन लावलात तरी पेडलची धडक खालच्या मजल्यावर जातेच, म्हणून खाली जाड रबर आणि गालिचा घाला. खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन विचारा. खऱ्या सेटसाठी तासावर मिळणारे जॅमपॅड आहेत. तिथे जाताना स्वतःचं पेडल, स्नेअर आणि झांजा नेण्याची सवय लावा, पुढे कार्यक्रमांतही हेच तीन सामान बरोबर न्यावं लागतं.

परीक्षेचं बंधन लागलं तरच सराव होतो असा स्वभाव असेल तर ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या ड्रम ग्रेड्स आहेत. वाचायला शिकाल, तो मोठा फायदा. नाही दिल्यात तरी बिघडत नाही.

पायरी ७: माणसं

एकट्यानं घरात कितीही वाजवलंत तरी तुम्ही ड्रमर होत नाही. सहा महिन्यांत एखादा बेस गिटारवाला गाठा. मुद्दाम बेसवालाच. तुमचा उजवा पाय आणि त्याची बोटं एकत्र पडायला लागली की अर्धा बँड तयार झाला. झेपेलिनमध्ये जोन्स आणि बॉनहॅम यांचं हे जमलं नसतं तर पेजला एवढं मोकळेपणानं भटकता आलं नसतं.

झेपेलिनच्या आधी बॉनहॅम बर्मिंगहॅमच्या आसपास चार-पाच बँडमधून फिरला. फार मोठ्यानं वाजवतो अशी त्याची ख्याती होती. त्यातल्या बँड ऑफ जॉयमध्ये त्याची प्लांटशी दोस्ती पक्की झाली. १९६८ मध्ये तो टिम रोज या अमेरिकन गायकाबरोबर आठवड्याच्या पगारावर दौरे करत होता, पेज आणि मॅनेजर पीटर ग्रँट यांनी त्याला तिथेच ऐकलं. घरी बायको आणि लहान मूल होतं. हातातलं पक्कं काम सोडून नव्या बँडमध्ये जायला तो लगेच तयार झाला नाही; शिवाय गायक जो कॉकर आणि ख्रिस फार्लो यांच्याकडूनही विचारणा होती. प्लांट आणि ग्रँट यांना तारांवर तारा पाठवाव्या लागल्या. पोटापाण्याचा विचार करून निर्णय घेणाऱ्याला रॉकमध्ये नावं ठेवतात, ती मनावर घेऊ नका. ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्यानंही तो विचार केला होता.

आपल्याकडे फक्त हार्ड रॉक वाजवून घर चालवणं जवळपास अशक्य आहे, हे आधीच समजून घ्या. १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव अनेक वर्षं धोबीतलावजवळच्या रंगभवनात गाजला. त्या परिसरात शांतता क्षेत्राचे नियम लागू झाल्यावर ती जागा रॉकच्या हातून गेली. क्लब उघडतात, बंद होतात. टिकणारे ड्रमर शिकवण्या करतात, हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात, नाटकांना आणि जाहिरातींना वाजवतात, चर्चमध्ये वाजवतात. यात कमीपणा काही नाही. लावणीच्या ठेक्यावर सेट वाजवून आलेला माणूस रॉकमध्ये जास्त लवचिक वाजवतो, असं माझं ठाम मत आहे.

बँड जमला की पैशाचं बोलणं पहिल्याच महिन्यात करा आणि लिहून ठेवा: मानधनाची वाटणी, प्रवास, तुटलेल्या स्टिक्स-स्किनचा खर्च, आणि गाण्याचं श्रेय. ड्रमरला गीतरचनेचं श्रेय देण्याची पद्धत बहुतेक बँडमध्ये नाही. झेपेलिनमध्ये पहिल्या अल्बमपासून अनेक गाण्यांवर बॉनहॅमचं नाव आहे, आणि श्रेय असेल तर रॉयल्टीही मिळते. तुमच्या ठेक्यातून गाणं जन्मलं असेल तर संकोच न करता तसं सांगा. रेकॉर्ड निघाल्यावर हा विषय काढला तर भांडण ठरलेलं.

पायरी ८: शरीर, आणि दारू

लांब सोलो शिकायच्या आधी हे वाचा. 'मोबी डिक' हा बॉनहॅमचा सोलो मंचावर कधी कधी अर्धा तास चालायचा, त्यातला काही भाग तो स्टिक्स टाकून नुसत्या हातांनी वाजवायचा. एवढा दम दररोज लागतो. वाजवण्याआधी दहा मिनिटं पॅडवर हात गरम करा, मनगट आणि पाठ ताणा, स्टूल एवढं उंच ठेवा की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. मनगटात मुंग्या येत असतील तर वाजवणं थांबवून डॉक्टरकडे जा, 'होईल बरं' म्हणत दौरा पूर्ण करू नका.

बॉनहॅमला विमानप्रवास आवडत नसे, घरापासून लांब राहणं सोसत नसे, आणि तो पीत होता. २७ जून १९८० ला न्यूरेंबर्गमध्ये तिसऱ्या गाण्यानंतर तो मंचावर कोसळला आणि कार्यक्रम थांबवावा लागला. सप्टेंबरात अमेरिका दौऱ्याच्या तालमीच्या दिवशी तो सकाळपासून व्होडका पीत होता. २५ सप्टेंबरला पेजच्या घरी झोपेतच गेला. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी बँड पुढे चालणार नसल्याचं जाहीर केलं.

रॉकवाल्यांच्या दारूच्या गोष्टी कौतुकानं सांगितल्या जातात, त्याचा मला मनापासून राग येतो. तो माणूस ऐंशीच्या दशकात काय वाजवता हे कुणालाच कधी कळणार नाही. तुमच्यासाठी नियम साधा ठेवा: शेवटचं गाणं संपेपर्यंत पाणीच. मानधनाऐवजी दारू देऊ करणाऱ्या ठिकाणी वाजवू नका. बँडमधला कुणी दिवसा प्यायला लागला तर कार्यक्रम रद्द करा आणि त्याच्या घरच्यांशी बोला.

यानंतर कुणाला ऐकायचं

वर्षभर बॉनहॅम ऐकून झाल्यावर डीप पर्पलचा इयान पेस घ्या. तोही १९४८ चाच, डावखुरा, बँडच्या प्रत्येक फळीत असलेला एकमेव सदस्य, आणि त्याच्या वाजवण्यात जॅझचा झोका बॉनहॅमपेक्षा मोकळा आहे. 'मेड इन जपान' हा ऑगस्ट १९७२ मधल्या मैफलींचा अल्बम आहे, तिथून सुरुवात करा. मग ब्लॅक सबाथचा बिल वॉर्ड, जो रिफच्या आजूबाजूला फिरत वाजवतो. शेवटी एसी/डीसीचा फिल रड. १९८० चा 'बॅक इन ब्लॅक' लावा, पायरी ४ चा सराव काढा, आणि त्याच्याबरोबर रेकॉर्डची एक संपूर्ण बाजू एकही जास्तीचा ठोका न मारता वाजवून बघा.